पहिलेपणाचा मान

मराठींत ‘पुतळा’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. ज्याच्याविषयीं आपणांस अत्यंत आदर वाटतो त्याचा आपण पुतळा उभारतों, आणि ज्याचा अत्यंत संताप येतो त्याचाही आपण पुतळाच जाळतों. एक ब्राँझचा असतो, दुसरा गवताचा व चिंध्यांचा. पण नांव दोघांस एकच. ‘मूर्ति’ ह्या शब्दाची गोष्ट अशी नाहीं. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, तिला नैवेद्य दाखवितात, आणि तिच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मूर्ति पूजेसाठीं, पुतळा स्मरणासाठीं, हा भेद आपल्या भाषेनें जाणूनबुजून केला असो वा नसो, तो मोलाचा आहे. तो आपण विसरतों तेव्हां पुतळ्यांविषयींचे वाद विनाकारण कडू होतात, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. ज्या एका पुतळ्यामुळें हा विचार माझ्या मनांत सुरू झाला त्याची हकीकत प्रथम सांगतों.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ हें जुनें आरमारी बंदर आहे. गांवाच्या दक्षिणेस, समुद्राकडे तोंड करून, एक विस्तीर्ण हिरवें पठार आहे. त्याला प्लिमथ हो असें म्हणतात. तेथें दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक ह्याचा पुतळा सन १८८४ पासून उभा आहे. जवळच महायुद्धांत बुडालेल्या खलाशांचें भव्य स्मारक आहे. ह्याच पठारावर २८ नोव्हेंबर २०१९ रोजीं नॅन्सी ॲस्टर ह्या बाईंच्या पुतळ्याचें अनावरण झालें. पैसा लोकांनीं वर्गणीनें जमविला, पुतळा हेले गिब्स ह्या शिल्पकर्त्रीनें घडविला, आणि अनावरण थेरेसा मे ह्या माजी पंतप्रधान बाईंच्या हस्तें झालें. दिवस मुद्दाम निवडलेला होता. बरोबर शंभर वर्षांपूर्वीं, २८ नोव्हेंबर १९१९ रोजीं, प्लिमथच्या सटन मतदारसंघांतील पोटनिवडणुकीचा निकाल लागून ह्या बाई विजयी झाल्या होत्या. आणि १ डिसेंबर रोजीं त्यांनीं ब्रिटिश लोकसभेंत आपली जागा घेतली. त्या सभागृहांत बसलेली ही पहिली स्त्री.

हा समारंभ होऊन सात महिने लोटतात न लोटतात तोंच, जून २०२० मध्यें, कोणीतरी त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर रंगानें ‘नाझी’ हा शब्द लिहून ठेवला. एकाच पुतळ्यानें वर्ष पुरें होण्याच्या आंत आपल्या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ अनुभवले! वर्गणी देणारे खरे कीं रंग फासणारा खरा, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला तो पडला. आणि विचार करतां करतां अशी अडचण आली कीं, दोघांचेंही म्हणणें पूर्णपणें खोटें ठरवितां येईना.

प्रथम वर्गणीदारांची बाजू पाहूं. नॅन्सी ॲस्टर ह्या जन्मानें इंग्रजही नव्हत्या. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत सन १८७९ मध्यें त्यांचा जन्म झाला. पहिलें लग्न दुःखाचें झालें. घटस्फोट घेऊन त्या इंग्लंडांत आल्या आणि सन १९०६ मध्यें वॉल्डॉर्फ ॲस्टर ह्या अतिधनाढ्य गृहस्थाशीं त्यांनीं दुसरा विवाह केला. हे गृहस्थ प्लिमथचे प्रतिनिधि होते. सन १९१९ च्या ऑक्टोबरांत त्यांचे वडील वारले, सरदारकी मुलाकडे आली, आणि सरदाराला लोकसभेंत बसतां येत नाहीं ह्या त्या वेळच्या नियमानें त्यांची जागा रिकामी झाली. त्या जागीं पत्नी उभी राहिली आणि निवडून आली. म्हणजे इतिहासाचें हें दार ज्या किल्लीनें उघडलें ती किल्ली सासऱ्याच्या मृत्यूची होती!

येथें वाचक म्हणतील, मग ह्यांत बाईंचें कर्तृत्व तें काय? शंका रास्त आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठीं ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं त्या निराळ्याच. एमेलीन पँकहर्स्ट आणि त्यांच्या अनुयायी तुरुंगांत गेल्या. मिलिसेंट फॉसेट ह्यांनीं पन्नास वर्षें सभा, अर्ज आणि व्याख्यानें ह्यांच्या मार्गानें झगडा चालविला. ह्या दोघींपैकीं कोणीही त्या सभागृहांत सभासद म्हणून बसली नाहीं. ॲस्टरबाईंनीं ह्या चळवळींत म्हणण्यासारखा भाग घेतला नव्हता. एकानें पेरावें आणि दुसऱ्यानें कापावें, असाच हा प्रकार.

इतकेंच नव्हे, तर ‘पहिली’ ह्या शब्दाविषयींही वाद आहे. निवडून आलेली पहिली स्त्री ह्या बाई नव्हेतच. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकींत सतरा स्त्रिया उभ्या होत्या. त्यांपैकीं एकटी कॉन्स्टन्स मार्कीव्हिच ही डब्लिनमधून विजयी झाली, आणि तीही लंडनच्या हॉलोवे तुरुंगांत असतांना. परंतु ती आयरिश स्वातंत्र्यवादी. इंग्लंडच्या राजाशीं निष्ठेची शपथ घेणें तिच्या पक्षाला मान्य नव्हतें, म्हणून तिनें ती जागा घेतलीच नाहीं. दारापर्यंत प्रथम पोंचली ती एक, आणि उंबरठा प्रथम ओलांडला तो दुसरीनें. एकीनें तत्त्वासाठीं मान नाकारला, दुसरीकडे तो योगायोगानें चालत आला. शुद्ध नीतीच्या तराजूंत तोलूं गेल्यास पारडें कोणीकडे झुकेल हें सांगावयास नको.

तात्पर्य, पहिलेपणा हा गुण नव्हे. शौर्य, औदार्य, सत्यनिष्ठा हे गुण माणसाच्या ठायीं वसतात. पहिलेपणा माणूस आणि दार ह्या दोहोंच्या दरम्यान असतो. दार मुळांत बंद नसतें तर आंत जाण्यांत पराक्रम तो कोणता? म्हणून ‘पहिली स्त्री’ असें आपण गौरवानें म्हणतों, तेव्हां त्यांत तिची स्तुति थोडी आणि दार लावून बसलेल्यांची निंदा अधिक असते. इतकीं शतकें तेथें एकही स्त्री नव्हती, ही लाजेची गोष्ट आपण अभिमानाच्या सुरांत सांगत असतों.

पण एवढ्यावर थांबलों तर बाईंवर अन्याय होईल. दार योगायोगानें उघडलें असेल. आंत टिकून राहणें योगायोगाचें नव्हतें. सातशेंहून अधिक सभासदांच्या त्या सभेंत जवळजवळ दोन वर्षें ती एकटी स्त्री होती. दुसरी, मार्गारेट विंट्रिंगहॅम, आली ती सन १९२१ च्या सप्टेंबरांत. त्या काळांत पूर्वीं जे घरीं पाहुणे म्हणून जेवून गेले होते असे कित्येक सभासद सभागृहांत तिच्याशीं बोलत नसत. तिचें वागणें, तिचा पोषाख, तिचा आवाज, सर्वांवर शेंकडों डोळे रोखलेले. ती चुकली तर ‘एक सभासद चुकला’ असें कोणी म्हणणार नव्हतें. ‘बायकांची जातच अशी’ असें म्हणणार होते. सबंध स्त्रीजातीची अब्रू आपल्या एकटीच्या पदरांत बांधून वावरणें हें ओझें लहान नव्हे. देशभरच्या स्त्रिया तिला हजारों पत्रें लिहीत. कारण त्यांच्या दृष्टीनें ती प्लिमथची प्रतिनिधि नसून त्यांची सर्वांची प्रतिनिधि होती. तिनेंही तें मानलें. अठरा वर्षांखालील मुलांस दारू विकण्यास बंदी करणारा सन १९२३ चा कायदा तिनें मांडला व संमत करून घेतला. स्त्री पोलिस असावेत, लहान मुलांसाठीं शाळा असाव्यात, पुरुषांप्रमाणेंच एकविसाव्या वर्षीं स्त्रियांस मत मिळावें, ह्यांसाठीं ती भांडत राहिली. ही शेवटची गोष्ट सन १९२८ मध्यें साधली. सन १९४५ पर्यंत प्लिमथनें तिला एकदांही पाडलें नाहीं. सन १९४१ मध्यें जर्मन विमानांनीं तें गांव भाजून काढलें, तेव्हां ती तेथेंच राहिली. ढिगाऱ्यांतून हिंडून लोकांस धीर देत राहिली. गांवानें कृतज्ञता मानावी ह्यांत नवल कसलें?

आतां रंग फासणाऱ्याची बाजू. ह्याच बाईंच्या मनांत ज्यू लोकांविषयीं आणि कॅथॉलिक पंथाविषयीं हाडांत मुरलेला तिटकारा होता, आणि तो त्या बोलून दाखवीत. हिटलरशीं समेट करावा, त्याला चुचकारावें, ह्या मताचे अनेक वजनदार लोक त्यांच्या क्लाइव्हडन येथील वाड्यावर पाहुणे असत. त्यावरून त्या काळच्या पत्रांनीं ‘क्लाइव्हडन मंडळी’ असें नांवच पाडलें होतें. ह्या मंडळींचें कारस्थान म्हणून जें सांगितलें जाई त्यांत अतिशयोक्ति पुष्कळ होती, हें खरें. बाई नाझी नव्हत्या. युद्ध सुरू झाल्यावर मे १९४० मध्यें त्यांनीं स्वपक्षाच्या चेंबरलेनविरुद्ध मत दिलें, हेंही खरें. म्हणून चौथऱ्यावरील तो शब्द अक्षरशः घेतला तर चुकीचा आहे. परंतु ज्या द्वेषाची परिणति साठ लाख ज्यूंच्या हत्येंत झाली, त्या द्वेषाचा एक सौम्य, सुशिक्षित, चहाच्या टेबलावरचा प्रकार ह्या बाईंच्या ठायीं होता हें नाकारतां येत नाहीं. द्वेष आधीं दिवाणखान्यांत शिष्ट होतो, आणि मग रस्त्यावर निर्भय होतो. ज्या माणसाची आजी त्या छळछावण्यांत मेली तो प्लिमथच्या त्या पठारावरून जाऊं लागला, तर त्यानें त्या पुतळ्याकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहावें?

ह्यावर एक ठराविक उत्तर दिलें जातें: तो काळच तसा होता. हें उत्तर मला पटत नाहीं. कारण त्याच सभागृहांत, त्याच वर्षांत, एलेनॉर रॅथबोन नांवाची दुसरी एक स्त्री बसत होती. सन १९२९ मध्यें ती निवडून आली. हिटलरला चुचकारण्याच्या धोरणाला तिनें विरोध केला, आणि युरोपांतून जीव घेऊन पळणाऱ्या ज्यूंसाठीं तिनें मंत्र्यांचे उंबरठे झिजविले. काळ तोच, देश तोच, सभा तीच; मग ‘काळ’ एकीच्या बाबतींत सबब कां व्हावा? काळ माणसाला मोह घालतो. निवड माणूस स्वतः करतो.

मात्र ह्यावरून रॅथबोनबाईंचा पुतळा निःशंकपणें उभारावा, असें कोणी म्हणेल तर त्यालाही जरा थांबवावेंसें वाटतें. हिंदुस्थानांतील बालविवाहाविरुद्ध ह्याच बाईंनीं पुस्तक लिहिलें, आणि हेतु चांगला असूनही, हिंदी स्त्रियांच्या वतीनें आपण बोलावें ह्यांत कांहीं वावगें आहे हें त्यांच्या फारसें ध्यानांत आलें नाहीं. सन १९४१ मध्यें त्यांनीं हिंदी लोकांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. तें इतकें झोंबणारें होतें कीं रवींद्रनाथ ठाकुरांनीं अखेरच्या आजारांत अंथरुणावरून त्याला उत्तर दिलें. ज्यूंच्या दृष्टीनें जी करुणामूर्ति ती आपल्या दृष्टीनें राज्यकर्त्यांच्या तोऱ्याची बाई! प्रत्येक दिव्याखालीं अंधार असतो. फक्त तो कोणाच्या अंगणांत पडतो एवढाच फरक.

मग कोणाचाच पुतळा उभारूं नये काय? ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं एक विषमता लक्षांत घेतली पाहिजे. ॲस्टरबाईंपासून थोड्याच अंतरावर ड्रेक उभा आहे. हा ड्रेक तरुणपणीं जॉन हॉकिन्सबरोबर गुलामांच्या व्यापाराच्या सफरींवर गेला होता. अलीकडे त्याच्याविषयींही बोलणें निघूं लागलें आहे. पण शंभरांहून अधिक वर्षें तो तेथें सुखानें उभा होता. लंडनच्या पार्लमेंट चौकांत चर्चिल उभे आहेत. आम्हां हिंदी लोकांस त्यांच्याविषयीं काय वाटतें हें कोणी चौथऱ्यावर कोरून ठेवलेलें नाहीं, आणि सन २०१५ पासून त्याच चौकांत गांधीजीही उभे आहेत. पुरुषांचे पुतळे पुष्कळ, म्हणून एकेका पुतळ्यावर सबंध पुरुषजातीचा भार पडत नाहीं. स्त्रियांची गोष्ट निराळी. त्याच चौकांत फॉसेटबाईंचा पुतळा बसला तो सन २०१८ मध्यें. त्यापूर्वीं तेथें एकाही स्त्रीचा पुतळा नव्हता. जी एकटी असते तिच्याकडून सर्व सद्गुणांची अपेक्षा केली जाते. सभागृहांत एकटीच्या पदरांत जें ओझें बांधलें होतें, तेंच ब्राँझमध्येंही तिच्या डोक्यावर राहतें.

ह्याचें एक जुनें कारण मला दिसतें. युरोपांतील शहरांत स्त्रियांचे पुतळे पूर्वींही होते. पण ते बहुधा कोणा स्त्रीचे नव्हते. हातांत तराजू घेतलेली न्यायदेवता, मशाल घेतलेली स्वातंत्र्यदेवता, पंख फुटलेली विजयदेवता! रूप स्त्रीचें, पण नांवगांव कांहीं नाहीं. आपल्याकडे तरी काय? रामचंद्रांनीं यज्ञासाठीं सोन्याची सीता घडवून शेजारीं बसविली. खरी सीता त्या वेळीं वनांत होती. सोन्याची सीता सोयीची असते. ती प्रश्न विचारीत नाहीं, चुकत नाहीं, कोणाचा राग धरीत नाहीं. स्त्री धातूंत उभी करावयाची म्हणजे ती निर्दोषच असली पाहिजे ही आपली सवय येथून आली असावी. पुरुषाला आपण पुतळा देतों. स्त्रीला पुतळा देतांना नकळत मूर्ति देऊं पाहतों, आणि मग ती माणूस निघाली म्हणजे रागावतों.

हें सारें इंग्लंडचें झालें. पण दूरच्या न्यायसभेंत बसणें सोपें असतें, म्हणून एक घरगुती गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवितां येत नाहीं.

माझी आजी आमच्या लहानशा गांवच्या नगरपालिकेंत निवडून गेलेली पहिली बाई. माझ्या जन्माच्याही आधींची ही हकीकत. नवऱ्याच्या आग्रहानें ती उभी राहिली, पण निवडून आल्यावर मात्र स्वतःच्या बुद्धीनें वागली. बायकांच्या दवाखान्याला तिनें जागा मिळवून दिली. सभेंत तिला हंसणाऱ्या सभासदांस तिनें हिशेबाचे कागद पुढें करून गप्प बसविलें. आमच्या दिवाणखान्यांत तिची मोठी तसबीर आहे, तिला चंदनाचा हार आहे, आणि घरांतील प्रत्येक मुलीला शाळेंत जातांना ती तसबीर दाखविली जाई. ह्याच माझ्या आजीच्या घरीं अंगण झाडावयास येणाऱ्या बाईची कपबशी निराळी असे. ती परसांत न्हाणीच्या कोनाड्यांत पालथी घातलेली असे, आणि तिच्यांत चहा वरून ओतला जाई. मीं तें लहानपणीं रोज पाहिलें. पाहिलें म्हणजे काय, मला तें दिसलेंच नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं त्या बाईची नात माझ्या वर्गांत शिकावयास होती. हुशार मुलगी, पुढें प्राध्यापिका झाली. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ती घरीं आली असतां तसबिरीकडे पाहून तिनें विचारलें, “सर, ह्या कोण?” मीं नेहमींच्या अभिमानानें सांगितलें, “माझी आजी. गांवच्या नगरपालिकेंतली पहिली स्त्री.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हो. माझी आजी सांगत असे ह्यांच्याविषयीं.” एवढेंच. पुढें ती एक शब्द बोलली नाहीं, आणि तिच्या आजीनें काय सांगितलें होतें हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या दिवशीं तो कोनाडा मला प्रथम दिसला.

तसबीर मीं काढली नाहीं. काढली असती तर मला वाटतें तो पश्चात्ताप नसून पळवाट ठरली असती. भिंत स्वच्छ झाली असती आणि कोनाडा पुन्हां अदृश्य झाला असता. दवाखाना खोटा नव्हता. त्यांत जन्मलेलीं मुलें खोटीं नव्हतीं. पण कपबशीही खोटी नव्हती. आतां घरांतल्या मुलांना तसबीर दाखवितांना मी दोन्ही गोष्टी सांगतों. पहिल्या वेळीं सांगतांना आवाज अडखळला, घरांतल्या एका वडीलधाऱ्या माणसानें “आतां हें कशाला?” असेंही विचारलें. “ती माझी आजी आहे म्हणूनच,” एवढेंच उत्तर मला सुचलें.

प्लिमथच्या पुतळ्याविषयीं माझें मत हें असें आहे. तो राहावा. तो हलवून ज्यूंचें दुःख हलकें होणार नाहीं, आणि त्या एकट्या स्त्रीनें दोन वर्षें जें सोसलें तें मात्र पुसलें जाईल. पण त्याच्याजवळ उभें राहून जो कोणी मुलांना ही हकीकत सांगेल त्यानें ती सबंध सांगावी. ह्या बाईनें एक उंबरठा ओलांडला आणि मागाहून येणाऱ्यांसाठीं दार धरून ठेवलें, म्हणून हा मान. दुसरे कित्येक उंबरठे तिनें ओलांडले नाहींत, आणि त्यांपलीकडे माणसें उभीं होतीं, हेंही त्याच श्वासांत. मान देणें म्हणजे निर्दोष ठरविणें नव्हे. तसें असतें तर मान देण्याजोगा मनुष्य पृथ्वीवर सांपडता ना, आणि सांपडता तर त्याच्यापासून आपणांस शिकण्यासारखें फार थोडें असतें.

ती मुलगी अजूनही दिवाळीला येते. तसबिरीखालच्या खुर्चींतच बसते. चहा सर्वांच्या कपांतून येतो. तिच्या आजीनें काय सांगितलें होतें हें मीं अद्याप विचारलेलें नाहीं. ह्या दिवाळीला विचारावें असें मनांत आहे.